पत्रव्यवहाराचा पत्ता

वाट पाहणं ही मानवी जीवनातली सर्वांत उदात्त साधना आहे. तिच्यात माणूस तावूनसुलाखून निघतो आणि अंती त्याला स्वतःच्या अंतरंगाचं दर्शन घडतं. पूर्व पोलंडमधल्या एका शहरात या साधनेसाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने अठ्ठावीस खुर्च्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या चार मोडक्या होत्या आणि एकीवर दरवान आपला डबा ठेवायचा.

उरलेले साधक फुटपाथवर उभे राहत.

शुशान त्या सकाळी यादीत एकतिसावी होती. यादी कार्यालयाची नव्हती. कार्यालय आठला उघडतं, माणसं साडेपाचला येतात. मधल्या अडीच तासांत हातघाई होऊ नये म्हणून रांगेतलाच कुणीतरी वहीचं पान फाडून नावं लिहायला घेतो. ही त्या देशाची जुनी रीत, आणि परदेशी पोरं ती भाषेच्या आधी शिकतात. दर तासाला हजेरी होते. ओ देणारा जागेवर नसेल तर नावावर काट. त्या दिवशी हजेरी घेणाऱ्या व्हिएतनामी पोराने शुशानचं आर्मेनियन आडनाव तीन वेळा तीन तऱ्हांनी वाचलं, आणि तिने तिन्ही वेळा 'हजर' म्हटलं. न जाणो.

"बत्तीस!"

"हजर," तिच्या मागून आवाज आला. जाड, संथ, कुठलीच घाई नसलेला.

जुलै महिना होता आणि पाऊस पडत होता... म्हणजे छत्री उघडली तर भित्रे वाटू आणि नाही उघडली तर भिजू, इतपत. शुशानच्या हातात चौदा पानी अर्ज होता. भिंत ओली, खिडकीची कड ओली. तिने मागे वळून पाहिलं. निळ्या जाकिटातला एक उंच, सावळा मुलगा उभा होता. जाकिटाच्या आत बहुधा पाठ असावी.

"जरा वळता का?"

"कुठे?"

"तिकडे तोंड करा. मला पाठ हवीय."

"तशी रिकामीच आहे," तो म्हणाला आणि वळला.

तिने त्याच्या पाठीवर प्लास्टिकची फाइल ठेवली, फाइलीवर अर्ज ठेवला आणि लिहायला लागली. जून महिन्यात तिने दुग्धशास्त्राची पदवी घेतली होती. पदवी झालेल्या परदेशी मुलांना हा देश नोकरी शोधायला नऊ महिने राहू देतो. मात्र तसा अर्ज जुना परवाना संपायच्या आत खिडकीवर पडावा लागतो. तिचा परवाना संपायला चार दिवस होते.

"आता कितवं पान?" पाठीने विचारलं.

"चौथं."

"म्हणजे आईवडिलांची नावं. वडिलांचं नाव लांबलचक आहे तुमच्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

"खांद्यापासून सुरू झालं, अजून संपलं नाही."

ती हसली आणि अक्षर हललं. पुढची दोन पानं तिने मुद्दाम दाबून लिहिली. मग पेन थांबलं. बराच वेळ थांबलं.

"काय झालं?"

"पत्रव्यवहाराचा पत्ता," ती म्हणाली. "वसतिगृह या महिनाअखेरीला सोडायचंय. दोन जॉर्जियन मुलींबरोबर एका खोलीत जाणार आहे, पण मालक म्हणतो, इथे कुणी राहत नाही असं समजा. पत्रपेटीची किल्लीही देत नाही."

पाऊस त्याच्या जाकिटावर टपटपत होता, आणि तिने अर्जावर हात आडवा धरला होता.

"माझा पत्ता लिहा."

"तुमचा?"

"घरमालकीण चांगली आहे. पेटीवर आधीच सात नावं चिकटवलीत. आठवं मावेल."

"ओळख ना पाळख—"

"माझ्या पाठीवर तुमच्या वडिलांचं नाव आहे. अजून किती ओळख हवी?"

तो वळला तेव्हा तिने त्याचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं. नाव मुनाशे. झिंबाब्वेतल्या मुतारे गावचा. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि उरलेल्या वेळात सायकलदुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. पत्ता त्याने सांगितला, तिने लिहिला. या वेळी अर्ज स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून. आता पाठ मागायला उगाच संकोच वाटत होता.

* * *

पत्त्याचं एवढं स्तोम का, हे ज्याचं पत्र कधी हुकलं नाही त्याला कळायचं नाही.

कार्यालय प्रत्येक गोष्ट रजिस्टर्ड पत्राने कळवतं. पोस्टमन तीन जिने चढून घंटी वाजवील अशी अपेक्षा असते. तो खालच्या पेटीत चिठ्ठी टाकून निघून जातो. चिठ्ठी घेऊन, पासपोर्ट दाखवून पोस्टातून पत्र सोडवून आणायचं. चौदा दिवसांची मुदत. चौदा दिवसांत कुणी फिरकलंच नाही तर पत्र परत जातं, आणि ते तुम्हाला पोचलं असं कायदा धरून चालतो. तुम्ही वाचलं का, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. आत 'अमुक कागद सात दिवसांत आणा' असं असेल तर ते सात दिवसही पळू लागतात, आणि ते पळताहेत हे तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

मुनाशेचं एक पत्र पहिल्या वर्षी असंच हुकलं होतं. ते जुन्या वसतिगृहावर गेलं, तिथून परत गेलं, आणि अर्ज बाद झाला. नव्याने सुरुवात करावी लागली, आणि त्या मधल्या काळात त्याचे वडील गेले. घरी जायला कुणाची बंदी नव्हती. परत येता आलं नसतं. त्याने अंत्यविधी फोनवर पाहिला, नेटवर्क मधेच गेलं. तेव्हापासून तो ओळखीच्याला, बिनओळखीच्याला, सगळ्यांना आपला पत्ता देत सुटला होता. हे त्याने शुशानला एकदाच सांगितलं, आणि सांगताना सायकलची साखळी साफ करत होता, म्हणजे मान वर करायची वेळ येऊ नये.

घरमालकीण बोगुमिलाबाई, वय एकाहत्तर, रेल्वेत तिकीटतपासनीस होत्या. पेटीवरची आठ नावं त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिली होती, मूळ गावासह. "पोस्टमनला जरा भूगोल कळू दे," त्या म्हणायच्या.

पत्रं यायला लागली. पहिलं ऑगस्टच्या सुरुवातीला: प्रकरणाला नंबर पडला. मुनाशेने फोन केला, शुशान आली, दोघं पोस्टात गेली, पत्र सोडवलं, आणि शेजारच्या खानावळीत बीटाचं सार मागवून ते दोघांनी मिळून वाचलं. सरकारी भाषा दोघांनाही अर्धी-अर्धी कळायची. अर्ध्या मात्र वेगवेगळ्या होत्या, म्हणून काम भागायचं. दुसऱ्या पत्रात विम्याचा कागद मागितला होता. तिसऱ्यात बोटांचे ठसे द्यायला बोलावलं होतं.

"दाखव बोटं," तिसऱ्या वेळी मुनाशे म्हणाला.

"का?"

"ठसे उमटतील का बघतो. दही घुसळणाऱ्यांची बोटं गुळगुळीत होतात म्हणे."

"दुग्धशास्त्र म्हणजे दही घुसळणं नाही."

"मग काय असतं?"

"प्रयोगशाळेत बसून चीजमध्ये काय चाललंय ते बघणं. तुझ्यासारखंच. तू गुडघे बघतोस, मी चीज बघते. दोघांनाही दाबून बघावं लागतं."

तिची बोटं त्याच्या हातात जरुरीपेक्षा थोडी जास्त वेळ राहिली. दोघांनीही ते पाहिलं आणि दोघंही साराकडे बघू लागली. सार तोवर गार झालं होतं.

ऑगस्टमध्ये शुशानच्या धाकट्या बहिणीचं तिकडे आर्मेनियात, ग्युमरीला लग्न झालं. शुशानच्या पासपोर्टात अर्ज दाखल झाल्याचा शिक्का होता. त्याच्यावर देशात राहता येत होतं, बाहेरही पडता येत होतं, फक्त परत येता येत नव्हतं. तिने लग्न बोगुमिलाबाईंच्या जिन्यात बसून फोनवर पाहिलं, कारण तिच्या खोलीत इंटरनेट नव्हतं. फोन मुनाशेने धरला होता, हात लांब म्हणून. नवरी घराबाहेर पडताना शुशान रडली. तेवढ्यात तिकडे आत्या पडद्यात घुसली आणि डोळे बारीक करून विचारू लागली, "ए, फोन कुणी धरलाय? कोण आहे तो?"

शुशानने नाक पुसलं. "माझा पत्ता आहे."

आत्याने निरखून पाहिलं. "पत्ता उंच आहे," ती म्हणाली आणि नाचायला निघून गेली.

"काय म्हणाली?" मुनाशेने विचारलं.

"काही नाही. फोन नीट धर म्हणाली."

* * *

सप्टेंबरात शुशानला नोकरी लागली. बाल्टिक समुद्राजवळच्या एका चीजच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथल्या भरतीच्या बाई फोनवर मोकळेपणाने बोलल्या. "कायद्याने तुम्ही आजही कामाला येऊ शकता, मला माहितीये. पण आमच्या साहेबांना कार्ड बघितल्याशिवाय झोप लागत नाही. मंजुरी आली की या. वसंतापर्यंत जागा राखून ठेवते. आमच्याकडे सगळंच सावकाश पिकतं."

कारखाना गाडीने दहा तासांवर होता, दोनदा गाडी बदलून.

ही बातमी मुनाशेने आनंदाने ऐकली. म्हणजे आनंदाने ऐकल्यावर जे बोलतात ते सगळं तो बोलला. नंतर दुकानात त्याने एका गिऱ्हाइकाच्या सायकलला दोन्ही ब्रेक पुढच्याच चाकाला लावले.

दोघांनाही एक गोष्ट न बोलता कळली होती. मागायचे ते सगळे कागद कार्यालयाने मागून झाले होते. आता येईल ते पत्र मंजुरीचं. ते आलं की शुशानची गाडी, आणि पत्रं बंद. लग्नासारखं निमित्त सोडलं तर पत्र आल्याशिवाय एकमेकांना भेटायची या दोघांची रीतच नव्हती. तीन महिने रोज आठवण काढणारी दोन शहाणी माणसं, आणि 'चल, चहा पिऊ' म्हणायला त्यांना सरकारी लखोटा लागत होता.

ऑक्टोबरात एका गुरुवारी फोन आला. "चिठ्ठी आलीय."

ती आली. त्याने चिठ्ठी दिली. दोघं पोस्टाच्या दिशेने चालू लागली. रस्त्यावर चेस्टनटची फळं फुटून पडली होती, आणि घरांच्या धुराड्यांतून कोळशाचा पहिला वास येत होता. कोपऱ्यावर शुशान थांबली.

"आज नको."

"का गं?"

"पोस्टात गर्दी असेल. चौदा दिवस आहेत की. पुढच्या गुरुवारी जाऊ."

पोस्ट समोर दिसत होतं, आणि आत एकच म्हातारा तिकिटं चिकटवत होता.

"हो, गर्दी असते गुरुवारी," मुनाशे म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तिचं डोकं दुखत होतं. त्यासाठी तिने अर्ध्या शहरातून ट्राममधून येऊन ते त्याला दाखवलं. मधेच स्मरणाची दुसरी चिठ्ठीही आली होती. तिने ती न बघता पहिलीशेजारी बॅगेत ठेवली. मुदत तिच्या बोटांवर पक्की होती. गुरुवारी चिठ्ठी मिळाली, त्यापुढचा दुसरा गुरुवार म्हणजे चौदावा दिवस. कायद्याने दिलेला एकही दिवस ती फुकट घालवणार नव्हती.

चौदाव्या दिवशी दोघं पोस्टातल्या काचेपुढे उभी राहिली. बाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या, आत गेल्या, हात हलवत आल्या.

"परत गेलं."

"कसं जाईल? आज चौदावा दिवस आहे."

"आज सोळावा. चिठ्ठी मंगळवारची आहे ना, हे बघा." बाईंनी तारखेवर बोट ठेवलं. तारीख पोस्टमनच्या अक्षरात होती, त्यामुळे आजवर तिला ती तारीख वाटलीच नव्हती. "परवाच गेलं बाळा, कार्यालयाकडे."

शुशान मुनाशेकडे वळली. तो जमिनीकडे बघत होता.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली नाही, भिंतीला टेकली नाही. सरळ उभी राहिली.

"तू म्हणालास, आज आली चिठ्ठी."

"'आलीय' म्हणालो. 'आज' नाही म्हणालो."

"मुनाशे!"

"मंगळवारी आली. दोन दिवस खिशात ठेवली."

"का?"

"गुरुवारी मला सुट्टी असते."

"काय?"

"मंगळवारी दिली असती तर तू एकटी गेली असतीस. पत्र सोडवलं असतंस, वाचलं असतंस, आणि बुधवारी गाडी पकडली असतीस. मला वाटलं, शेवटचं आहे... निदान सार तरी बरोबर पिऊ." त्याचा संथ आवाज पहिल्यांदाच अडखळत होता. "पत्र हुकलं की काय होतं ते मला माहीत आहे. त्या रांगेतल्या कुणाहीपेक्षा जास्त. आणि तरी मी ठेवली. तू बोल मला. बोल काय बोलायचं ते."

"बोलणारच आहे! माझे चार महिने आहेत त्या पत्रात! बहिणीचं लग्न जिन्यात बसून बघितलंय मी!"

"हो."

"'हो' काय? लोकांच्या चिठ्ठ्या खिशात घालून फिरतोस आणि वर पत्ता म्हणवतोस!"

"हो."

"दोन दिवस!" ती म्हणाली, आणि थांबली. दोन हा आकडा तिला एकदम लहान वाटला. बॅगेत दोन चिठ्ठ्या होत्या आणि चौदा दिवस तिचे स्वतःचे होते. ती खाली बघून पायाने एक चेस्टनट ढकलत राहिली.

"पोस्टात गर्दी नव्हती," ती म्हणाली.

"कधी?"

"पहिल्या गुरुवारी. एक म्हातारा होता फक्त."

"मला दिसला होता."

"डोकंही दुखत नव्हतं."

"ते... मला नक्की माहीत नव्हतं."

"पत्र घेतलं नाही तोवर मंजुरी नाही. मंजुरी नाही तोवर गाडी नाही. असा मी विचार केला. दुग्धशास्त्रात पहिला वर्ग आहे मला, मुनाशे. आणि असा विचार केला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. माणसं प्रेमाची कबुली चंद्राखाली देतात, तळ्याकाठी देतात. या दोघांनी आपापल्या गुन्ह्याचा जबाब दिला. आत काचेमागे त्या बाईंनी 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली.

"आता पुढे?" शुशानने विचारलं. तिने त्याच्या जाकिटाची बाही धरली होती, आणि ती आपण कधी धरली हे तिला आठवत नव्हतं.

* * *

शुक्रवारी यादीत ती सतरावी होती. खिडकीवरच्या बाईंनी ऐकून घेतलं.

"पत्रात काय आहे ते मला सांगता येत नाही. पत्र तुम्हाला पोचलंय."

"नाही पोचलं."

"पोचलंय. मंगळवारी. फाइल बघायची असेल तर वेळ घ्या. जानेवारीत आहे."

मंजुरीचं पत्र असेल तर प्रश्नच नव्हता. पण कागद मागितलेला असेल तर सात दिवस मंगळवारपासूनच पळत होते, आणि येत्या मंगळवारी संपत होते. मग अर्ज बाद, शिक्का बाद, आणि मग गाडी समुद्राकडची नाही, विमान ग्युमरीकडचं.

"सात जणांची पत्रं वाचलीत मी," जिना उतरताना मुनाशे म्हणाला. "हे काय काय मागतात ते मला पाठ आहे. त्यांनी काय मागितलं ते आपल्याला माहीत नाही ना? मग सगळंच देऊ."

"सगळं म्हणजे?"

तो बोटांवर सांगत गेला. विम्याचा नवा कागद, पदवीची शपथपत्रासह प्रत, गुणपत्रिका, तिचं भाषांतर, कारखान्याचं पत्र, सहीशिक्क्यासह कामाचा तपशील, बँकेचं पत्रक, चार फोटो, पासपोर्टाच्या सगळ्या पानांच्या प्रती, कोऱ्यांसकट. दहावं, वसतिगृह सोडल्याचा दाखला. अकरावं सांगताना तो चाचरला.

"आणि तू खरंच त्या पत्त्यावर राहतेस, असं घरमालकिणीने लिहून दिलेलं."

बोगुमिलाबाईंनी शनिवारी सकाळी ते ऐकलं तेव्हा त्या काकड्या बरणीत भरत होत्या.

"ही इथे राहते असं लिहू?"

"हो, बाई."

"राहते का?"

"...नाही."

"मग कसं लिहू, पोरा? एकोणतीस वर्षं गाडीत तिकिटं तपासली मी. पोरी रडल्या, पाद्र्याने आशीर्वाद दिले, एकाने तर लग्नाची मागणी घातली. दंड सगळ्यांना केला." त्यांनी बरणीचं झाकण आवळलं. शुशानकडे बघून बाई अजूनच चिडल्या. "तोंड का पाडतेस, पोरी? सामान किती आहे तुझं?"

"एक बॅग. एक खोकं."

"संध्याकाळच्या आत आण. स्वयंपाकघरामागची खोली रिकामी कर, बरण्या एका बाजूला लाव. आज झोप इथे. उद्या सकाळी उठलीस की मी तुला उठलेली बघेन आणि सही करेन."

ट्राममध्ये बॅग शुशानच्या पायाशी होती आणि खोकं मुनाशेच्या मांडीवर. खोक्यात काय आहे ते त्याने विचारलं नाही. वळणावर आतून काहीतरी किणकिणलं, आणि दोघांनी एकाच वेळी त्यावर हात ठेवला. तीन थांबे कुणी हात उचलला नाही. चौथ्या थांब्यावर उतरायचं होतं. दोघं पाचव्यावर उतरली आणि एक थांबा मागे चालत आली, खोक्यासकट.

रविवारी बाईंनी तिला उठलेली पाहिलं आणि सही केली. दुपारभर स्वयंपाकघराच्या टेबलावर अकरा कागद पसरले होते. शुशान क्रमांक घालत होती, मुनाशे छिद्रं पाडत होता.

"मंजूर झालं तर मी जाणार," ती म्हणाली, कागदावरून मान न उचलता. "मला ती नोकरी हवीय. खरंच हवीय."

"जाच. नाही गेलीस तर मी तुला गाडीत बसवीन. मी येईन तिकडे."

"कधी?"

"गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी निघायचं, सकाळी तिथे. परत गुरुवारी दुपारी."

"मग माझ्या वाट्याला किती तास?"

त्याने मनात बेरीज केली. "सात."

"त्याहून जास्त वेळ आपण रांगेत होतो."

"रांगेत तू मागे बघत नव्हतीस. पाठ मागितलीस तेव्हा वळलीस."

"पुढे कोण उभं होतं सांग बरं?"

"मला काय माहीत? मी तुझी वेणी बघत होतो." तो थांबला. "शुशान... मला हे पत्राशिवाय सांगता आलं पाहिजे होतं. तू मला आवडतेस. जुलैपासून."

तिने छिद्र पाडायचं यंत्र त्याच्या हातातून काढून घेतलं आणि तिथे आपला हात ठेवला. आतल्या खोलीतून बोगुमिलाबाईंचा आवाज आला, "कागदांना तेल लावू नका रे, मी तिथे केक ठेवलाय!" खरोखरच ठेवला होता. दोघांनीही तो पाहिला नव्हता.

सोमवारी खिडकीवरच्या बाईंनी गठ्ठा उचलून वजन केल्यासारखा हलवला.

"हे सगळं कुणी मागितलं?"

"तुम्ही," शुशान म्हणाली.

"मी?"

"पत्रात."

"कुठाय पत्र?"

"तुमच्याकडे."

बाईंनी थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ मागे उभ्या असलेल्या उंच मुलाकडे पाहिलं. मग अकरा कागदांवर अकरा शिक्के मारले. शिक्के मारायला त्यांची कधीच हरकत नसे.

जानेवारीतली फाइल बघायची वेळ दोघांनी रद्द केली. त्यात काय निघेल याची भीती वाटत होती, आणि त्या दिवशी बर्फ पडत होता, आणि बोगुमिलाबाईंनी राय नावाच्या धान्याच्या पिठाचं आंबट सूप केलं होतं. काकड्यांच्या बरण्यांखाली झोपायची शुशानला सवय झाली होती. आता चहा प्यायला लखोटा लागत नव्हता. स्वयंपाकघरातून हाक मारली तरी पुरे.

कार्ड मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. दोन दिवसांनी शुशानची गाडी होती, आणि मुनाशेने पुढच्या चार गुरुवारांची तिकिटं आधीच काढली होती. बोगुमिलाबाईंनी ती एकेक करून उजेडात धरून तपासली. कार्ड घ्यायला दोघं मिळून गेली. खिडकीवरच्या बाईंनी सही घेतली, कार्ड दिलं, फाइल मिटता मिटता थांबल्या, आणि आतून एक बंद लखोटा काढून पुढे सरकवला.

"हे तुमचं. ऑक्टोबरात परत आलेलं."

दोघांनी ते जिन्यातच फोडलं. पत्र चार ओळींचं होतं. अर्जावरचा निर्णय ठरलेल्या मुदतीत होणार नाही, आणखी साठ दिवस लागतील, असं त्यात कळवलं होतं. कागद कुठलाच मागितला नव्हता.